सहीचा अधिकार कुणाच्या हाती द्यावा?

घरातलं वडीलधारं माणूस न्हाणीघरात घसरून पडतं, खुब्याचं हाड मोडतं, शस्त्रक्रियेसाठी पैसे भरायची वेळ येते आणि तेव्हा कळतं की सगळ्या मुदतठेवी एकट्या बाबांच्या नावावर आहेत. मग धावाधाव सुरू होते. कोर्टाच्या आवारातून छापील नमुना आणला जातो, रुग्णालयाच्या खाटेवरच सह्या होतात, आणि मुखत्यार म्हणून नाव पडतं ते त्या दिवशी जो मुलगा हजर होता त्याचं. बँकेत नोकरी करताना असे घाईचे कागद मी काउंटरवर पुष्कळ पाहिले. काही परत पाठवावे लागायचे. जे चालले, त्यांतल्या काहींवरून पुढे भावंडांचं बोलणं कायमचं बंद झालं. कागद कसा करायचा ते वकील सांगतोच. त्यात नाव कुणाचं घालायचं, हे मात्र घरानेच ठरवायचं असतं आणि नेमकं त्यावरच घरात कुणी मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून मुख्यतः त्याबद्दल लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. मुखत्यारपत्राने कुणी वारस ठरत नाही, मालमत्तेची वाटणी होत नाही. ज्याला मुखत्यार नेमलं त्याला आईवडिलांच्या वतीने काही ठरावीक कामं करण्याची परवानगी मिळते, एवढंच. सही त्याची असली तरी काम त्यांचं, पैसा त्यांचा, आणि त्यांनी मागितला की हिशेब द्यायला तो बांधलेला. करार कायद्याच्या २१३व्या कलमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मुखत्याराला त्यांच्या वतीने मृत्युपत्र करता येत नाही. ते गेले की मुखत्यारपत्रही संपलं. त्यानंतर त्या कागदाच्या जोरावर खात्यातून काढलेल्या प्रत्येक रुपयाचा जाब इतर वारस विचारू शकतात. एवढं घरात सगळ्यांना आधी माहीत असलं, तर ‘दादाला पॉवर दिली म्हणजे घर दादाला दिलं’ या समजुतीतून उठणारी निम्मी भांडणं होणारच नाहीत.

कागद नेमका कधीपर्यंत चालतो

याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेक कुटुंबांना फार उशिरा कळते. करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या २०१व्या कलमाप्रमाणे नेमणारा किंवा नेमलेला, दोघांपैकी कुणाचाही मृत्यू झाला किंवा कुणाचीही समज गेली, तर मुखत्यारी संपते. म्हणजे ‘बाबांना काही कळेनासं झालं की मग वापरू’ असं म्हणून कपाटात जपून ठेवलेला कागद ऐन गरजेच्या दिवशीच निरुपयोगी होतो. इंग्लंडमध्ये २००७पासून ‘लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’ आहे, अमेरिकेत ‘ड्युरेबल’ प्रकार आहे. तिथे माणसाची समज गेल्यावरही त्याने नेमलेला मुखत्यार काम पाहू शकतो. तिकडे स्थायिक झालेली आपली मुलं तोच नमुना उतरवून पुण्याला, नाशिकला, डोंबिवलीला पाठवतात. त्यात ‘मानसिक अक्षमतेनंतरही हे मुखत्यारपत्र अमलात राहील’ असं एक वाक्य असतं. इथल्या कायद्यात त्या वाक्याला आधार नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

ही भीती काल्पनिक नाही. देशव्यापी पाहणीतून २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आजार पुढे गेला आणि कामं अडली, तर उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने कोमात गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी पत्नीला, मुलांना असं पालक नेमलेलं आहे. पण त्यासाठी वैद्यकीय अहवाल लागतात, वकील लागतो, वेळ आणि पैसा जातो. तेव्हा मुखत्यारपत्राकडे पाहायचं ते हात थरथरतात, जिना चढवत नाही, रांगेत उभं राहवत नाही, पण डोकं शाबूत आहे, अशा वर्षांसाठीची सोय म्हणून. त्यापुढच्या काळासाठी मृत्युपत्र, संयुक्त खाती, नामनिर्देशन ही वेगळी तयारी याच सुमाराला करायची असते.

विसराळूपणाची पहिली लक्षणं दिसू लागली म्हणून दार बंद झालं, असंही नाही. एरवी गोंधळलेला माणूस ज्या वेळी भानावर असतो त्या वेळी त्याने केलेला करार वैध ठरू शकतो. फक्त तेव्हा सावधगिरी दुप्पट हवी. ज्या दिवशी सही, त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्या आणि त्यात कागदाचा अर्थ रुग्णाला समजतो आहे, हे लिहून घ्या.

नाव कुणाचं?

आपल्याकडे या प्रश्नाला थोरला मुलगा हे उत्तर ठरलेलंच असतं. तो नसला तर धाकटा, आणि मुलगेच नसले तर जावई. मुलीचा विचार शेवटी होतो. प्रत्यक्षात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारी, बाबांचा हयातीचा दाखला भरून आणणारी, मालमत्ता कराची पावती जपून ठेवणारी असते ती त्याच शहरात राहणारी मुलगी, नाहीतर घरातली सून. राबणार एक आणि कागदावर दुसरा, अशी विभागणी मी कितीतरी घरांत पाहिली. मग दर वेळी सहीसाठी भावाची वाट पाहायची, त्याला सुट्टी काढायला लावायची. माझं मत स्पष्ट आहे. जो पायपीट करतो त्याच्या नावे कागद असावा. मुलीच्या किंवा सुनेच्या नावे मुखत्यारपत्र करायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही.

परदेशातला मुलगा सगळ्यांत शिकलेला आणि सधन असेल. पण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात, महावितरणच्या कचेरीत, गावाकडे तलाठ्याकडे जायला माणूस इथलाच लागतो. त्याला वेगळी आणि तितकीच मोलाची जबाबदारी द्या. खात्याचे मासिक उतारे त्याच्याकडे जाऊ देत, तपासणीचं काम त्याच्याकडे असू दे. करणारा एक आणि पाहणारा दुसरा असला की दोघंही जपून राहतात.

आता कसोटी. एकच सांगायची तर मी असं म्हणेन, न मागता हिशेब दाखवणारं माणूस निवडा. हे ओळखायला अवघड नाही. काही महिने वीजबिल, औषधं, सोसायटीची वर्गणी एवढी छोटी कामं एकाकडे सोपवून बघा. पावत्या एका जागी राहतात का, उरलेली रक्कम परत येते का, पासबुक भरून आणलं जातं का? की विचारल्यावर ‘आई, मी बघतोय ना सगळं, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?’ असं उत्तर येतं? असं उत्तर देणारा लबाड असेलच असं नाही. पुष्कळदा तो खरोखर मायेने बोलत असतो. पण हिशेब ठेवायची सवय नसलेल्या प्रामाणिक माणसाला पाच वर्षांनी बहिणीने विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि मग त्याच्या प्रामाणिकपणावरच शंका येते. त्याच्यावरही हा अन्याय आहे. त्याला मुखत्यार न करणं त्याच्याच हिताचं असतं.

दुसरं पाहायचं ते त्याचं स्वतःचं आर्थिक स्वास्थ्य. हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारलं पाहिजे. धंदा बसलेला आहे का, कुणाला जामीन राहिला आहे का, घराचे हप्ते थकले आहेत का, शेअर बाजारात उलाढाली चालू आहेत का? अडचणीत सापडलेल्या माणसाच्या हाताशी दुसऱ्याची मुदतठेव ठेवणं धोक्याचं असतं. ‘बाबांचेच पैसे आहेत, त्यांनी दिलेच असते, दोन महिन्यांत परत भरतो’ असं तो स्वतःला समजावतो, आणि बाबांनी खरंच दिलेही असते. पण त्यांना विचारलं गेलेलं नसतं आणि दोन महिने उलटून जातात. असा मुलगा लाडका असेल तर त्याला उघडपणे, लिहून, मदत करा. सहीचा अधिकार देऊ नका.

तिसरं, त्या मालमत्तेत त्याचा स्वतःचा स्वार्थ किती गुंतलेला आहे? मुंबई-पुण्यात आज जुन्या इमारतींचा पुनर्विकास हा मोठा विषय आहे. आईच्या नावावरच्या सदनिकेत सहकुटुंब राहणारा मुलगा, नवी मोठी जागा आपल्याला मिळावी असं वाटणारा, आईच्या वतीने पुनर्विकासाच्या करारावर सही करणार असेल, तर आईला तात्पुरतं कुठे राहावं लागेल, भाडं कुणाच्या खात्यात जमा होईल, नवी सदनिका कुणाच्या नावे लिहिली जाईल, या प्रश्नांवर तिच्या बाजूने कोण बोलणार? अशा ठिकाणी घराचा विषय मुखत्यारपत्रातून वगळावा, किंवा त्याच्यापुरता दुसरा माणूस नेमावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला सदस्याच्या जागी मुखत्याराला बसता येत नाही, हेही इथे लक्षात असू द्या. आणि विकासकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र मागितलं गेलं, तर स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय आजी-आजोबांनी पेन उचलू नये.

गावाकडच्या जमिनीचंही तसंच आहे. शहरात राहणारे आजोबा गावातल्या पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतात, कारण जमीन तोच कसतो. ई-पीक पाहणी, पीकविमा, नुकसानभरपाईची कागदपत्रं एवढ्यापुरता अधिकार दिला तर ठीक आहे. पण छापील नमुन्यात पुढे ‘तडजोड करणे, दावा मागे घेणे, हक्कसोड करून देणे, फेरफारास संमती देणे’ असे शब्द असतात, आणि सातबाऱ्यावरचं नाव जातं ते त्या शब्दांमुळे.

चौथी कसोटी मला फार महत्त्वाची वाटते, तिच्याबद्दल वकील बोलत नाहीत. डॉक्टरांनी आईला विचारलं, ‘आजी, झोप लागते का?’ तर सोबत आलेला मुलगा स्वतः उत्तर देतो, की आईला बोलू देतो? बाबांनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला तर मुलगी पुन्हा समजावून सांगते, की ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणते? मुखत्याराने आपल्या मनाचं करायचं नसतं. आईवडिलांना काय हवं आहे ते विचारून, त्यांचं ऐकून, ते पटलं नाही तरी त्यांच्या मनासारखं करायचं असतं. कर्तबगार पण न विचारता उरकून टाकणारं मूल या कामासाठी योग्य नाही. ज्याला आई हक्काने रागावू शकते, ‘ते कागद आण इकडे, मला बघू दे’ म्हणू शकते, ते योग्य.

पुष्कळ जोडपी एकमेकांनाच मुखत्यार नेमतात. त्यात प्रेम आहे, पण नवरा ब्याऐंशीचा आणि बायको अठ्ठ्याहत्तरची असेल तर दोघंही एकाच वर्षी अंथरुणाला खिळू शकतात. जोडीदाराचं नाव अवश्य घाला, मात्र त्याच्यानंतर कोण, तेही त्याच कागदात किंवा वेगळ्या कागदाने ठरवा. गोव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात हवी. तिथल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक असते आणि स्थावर मालमत्ता एकट्याला परस्पर विकता येत नाही. म्हणून तिथल्या घराचा व्यवहार मुखत्यारामार्फत करायचा असेल तर दोघांकडूनही अधिकार घ्यावे लागतात.

ज्यांना मूलबाळ नाही, किंवा आहे पण संबंध उरलेला नाही, त्यांच्यासाठी भाचा, पुतणी, जुना सहकारी, विश्वासातला चार्टर्ड अकाउंटंट असे पर्याय असतात. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या मदतनिसाच्या नावे मात्र मुखत्यारपत्र करू नये, तो माणूस कितीही भला असला तरी. ज्याच्यावर आपलं जेवणखाण, औषध, उठणं-बसणं अवलंबून आहे त्याला नाही म्हणता येत नाही. अशा नात्यात घेतलेल्या सहीकडे कायदाही संशयाने पाहतो. समोरच्याच्या वयाचा, आजारपणाचा गैरफायदा घेऊन करून घेतलेला करार रद्द करून मागता येतो. शिवाय महाराष्ट्रात स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार जवळच्या नातेवाइकाला विनामोबदला दिला तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, तिऱ्हाइताला दिला तर ते खरेदीखताइतकं जातं. यासाठीही व्यवस्थापनाचा अधिकार आणि विक्रीचा अधिकार वेगवेगळे ठेवलेले बरे.

दोन मुलांना मिळून नेमावं का, असं हमखास विचारलं जातं. नेमता येतं. मात्र ‘संयुक्तपणे’ लिहिलं तर प्रत्येक कामाला दोघांच्या सह्या लागतील आणि एक गावाला गेला की काम अडेल. ‘संयुक्तपणे अथवा स्वतंत्रपणे’ लिहिलं तर एकाने केलेलं दुसऱ्याला कळणारही नाही. माझ्या मते रोजच्या कामांना एकाची सही पुरेशी ठेवावी आणि ठरावीक रकमेपुढच्या व्यवहाराला दोघांची. भावंडांना बरोबरीने वागवल्यासारखं दिसावं एवढ्यासाठीच दोन नावं घालत असाल, तर घालू नका. बाकीच्यांना कागदाची प्रत द्या, तेवढं पुरतं.

मोबाइल कुणाच्या हातात आहे?

हे सगळं नीट ठरवूनही एक गोष्ट निसटते. आज बँकेचं बहुतेक काम ओटीपीवर चालतं. बाबांच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर ज्याच्या फोनमध्ये, डेबिट कार्डाचा पिन ज्याला ठाऊक, त्याच्याकडे कसलाही कागद नसताना सगळे अधिकार जाऊन बसलेले असतात. नातू प्रेमाने ‘आजोबा, तुमचा नंबर मी माझ्या फोनवर घेतो, तुम्हाला त्रास नको’ म्हणतो. त्याच्या मनात काही नसतं. पण त्या दिवसापासून पैसे गेल्याचा संदेश आजोबांना येणं बंद होतं. मुखत्याराचा प्रत्येक व्यवहार त्याच्या नावाने, त्याच्या सहीने नोंदला जातो. पिन वापरून काढलेले पैसे आजोबांनीच काढले असं नोंदीत दिसतं. पिन आणि ओटीपी घरच्यांनाही सांगू नये असं बँका सांगतात, ते याचसाठी. नंबर आजोबांचाच राहू द्या, त्यांचा साधा फोन त्यांच्याजवळच असू द्या, आणि आलेले संदेश आठवड्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसून वाचा.

आणि कधीकधी मुखत्यारपत्राची गरजच नसते, हेही सांगायला हवं. सही जुळत नाही एवढीच अडचण असेल तर बँकेत अंगठ्यावर पैसे मिळतात. अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरी येऊन रोख रक्कम देण्याची, केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घेऊन जाण्याची सोय करण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७मध्येच दिल्या आहेत. शाखेत जाऊन ती मागा. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ केलं तर दोघांपैकी कुणीही चालवू शकतं. पण ज्याचं नाव जोडाल त्याला सगळा पैसा काढता येईल, म्हणून वरच्या कसोट्या त्यालाही लावा. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. नामनिर्देशित माणसाचा अधिकार मात्र खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो, हयातीत नाही. सरकारी निवृत्तिवेतनाबाबत तर रिझर्व्ह बँक स्पष्टच सांगते की ते ज्या खात्यात जमा होतं ते मुखत्यारामार्फत चालवता येत नाही. पती किंवा पत्नीसोबत संयुक्त खातं चालतं, त्या खात्यातून रक्कम दुसरीकडे वळवण्याची स्थायी सूचनाही देता येते. पेन्शनीतून घर चालणाऱ्या कुटुंबांनी हे आधीच करून ठेवावं.

कागदात काय असावं

छापील कुलमुखत्यारपत्र जसंच्या तसं सही करू नये. त्यात खरेदी, विक्री, गहाण, बक्षीस, कर्ज, दावे असं सगळं एका दमात लिहिलेलं असतं. त्यातलं जे लागत नाही त्यावर काट मारण्यापेक्षा, जे लागतं तेवढ्याचंच खास मुखत्यारपत्र नव्याने लिहून घ्या. अमुक बँक, अमुक शाखा, अमुक खातं. दरमहा अमुक रकमेपर्यंत काढणे. मालमत्ता कर, वीज, पाणी, सोसायटीची देणी भागवणे. भाडेकरूकडून भाडं घेऊन त्याच खात्यात जमा करणे. त्याखाली मनाई लिहा: मुखत्याराने आईवडिलांची मालमत्ता स्वतःच्या किंवा आपल्या पत्नी-मुलांच्या नावे करू नये, बक्षीस देऊ नये, कर्ज काढू नये, नामनिर्देशन बदलू नये. दर तीन महिन्यांनी हिशेब आईवडिलांना आणि आणखी एका नाव घेतलेल्या व्यक्तीला द्यावा. एक मुदतही घाला. दोन-तीन वर्षांनी नवा कागद करताना पुन्हा विचार होतो.

‘अपरिवर्तनीय’ हा शब्द आणि ‘मोबदला मिळाला’ हे वाक्य दिसलं तर थांबा. मुखत्याराचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध त्या मालमत्तेत निर्माण झाला, तर पुढे अधिकार काढून घेणं कठीण होतं. ‘घर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर नावावर करून घेऊ, खर्च वाचेल’ असं सुचवणाऱ्यांना सांगा की सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हा मार्ग बंद केला आहे. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही.

कागद आजी-आजोबांना वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा. तो त्यांना मुखत्याराने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावा. साक्षीदार घराबाहेरचे घ्या. पुढे दस्त नोंदणीसाठी लागणारं मुखत्यारपत्र नोटरीपुरतं ठेवून भागत नाही. आपण राहतो त्या भागाच्या दुय्यम निबंधकांसमोर ते प्रमाणित व्हावं लागतं. आजारपणामुळे कार्यालयात जाता येत नसेल तर ते घरी येऊ शकतात, नोंदणी कायद्यातच तशी तरतूद आहे. परदेशातल्या सहहिस्सेदाराने भारतीय वकिलातीत करून पाठवलेला कागद राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो.

वैद्यकीय निर्णय हा वेगळा प्रश्न आहे. कृत्रिम श्वास चालू ठेवायचा की नाही, हे मालमत्तेच्या मुखत्यारपत्राने ठरत नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्यता दिलेलं आणि २०२३मध्ये सुटसुटीत केलेलं वैद्यकीय इच्छापत्र आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं, आणि आपण बोलू शकत नसू तेव्हा कुणी बोलावं त्याचं नाव त्यात घालता येतं. हे नाव आणि पैशांच्या कामाचं नाव एकच असलं पाहिजे असं नाही. हिशेबात चोख असलेला मुलगा आईच्या अखेरच्या आजारपणात निर्णय घ्यायला कच खाऊ शकतो; तिथे कदाचित धाकटी मुलगी खंबीर असेल.

निवड चुकली असं वाटलं तर समज शाबूत असेपर्यंत अधिकार काढून घेता येतो. रद्दलेख करा, मूळ कागद नोंदवलेला असेल तर तोही नोंदवा, मुखत्याराला लेखी कळवा, मूळ प्रत परत मागा. बँक, सोसायटी, भाडेकरू या सगळ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या, कारण ज्याला रद्द झाल्याचं माहीत नाही त्याच्याशी मुखत्याराने केलेला व्यवहार तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी. सांभाळ करण्याच्या अटीवर घर लिहून घेऊन मग आईवडिलांकडे पाठ फिरवली गेली असेल, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३व्या कलमाखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे.

शेवटचं सांगणं मुलांना आहे. हा कागद आईवडिलांचा आहे आणि त्यातलं नावही त्यांनीच सांगायचं आहे. चार भावंडांनी आधी आपसात ठरवून, मग त्यांच्यासमोर सहीला ठेवायचा हा कागद नाही. आजारपण नसताना, घरात घाई नसताना एखाद्या सकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘तुमच्या वतीने कुणी सही केली तर तुम्हाला निर्धास्त वाटेल?’ विचारून गप्प बसा, त्यांना वेळ द्या. वाटलं तर त्यांना भावंडांपैकी कुणीही समोर नसताना वकिलाशी एकट्याने बोलू द्या. त्यांनी घेतलेलं नाव तुमचं नसेल, तरी रुसू नका, कारण विचारू नका. ज्याचं नाव घेतलं त्याला मदत करा.